फुसाए-सान यांचं तिकीट

या, आत या. दार ओढून घ्या, डास येतात. अरे ताकुतो, टॉर्च डोळ्यांवर काय मारतोस, मी काय तुला चोर वाटलो? कुवाजिमा आजोबा या बंद पडलेल्या स्टेशनात अंधारात बसून काय करतायत, हेच विचारायचंय ना? बसलोय. गुडघे दुखतात म्हणून बसलोय.

विझल्या ना सगळीकडच्या निरोपाच्या आगी? पुलापलीकडची शिमोदा आजी दरवर्षी तशीच धुमसती ठेवून झोपते. तिच्या दारात पाणी ओतलंत? बरं केलंत. म्हणजे तुमची आजची गस्त संपली. मिनोरी, त्या थर्मासात जवाचा चहा आहे, ओत सगळ्यांना. सोयाबीनच्या शेंगा उकडून आणल्यात, त्या घ्या. पण तो कंदील नको उचलूस. आणि तो तिकिटं टोचायचा पंचही. राहू दे तिथंच बाकावर.

ताकुतो, तू म्हणे इथं कॉफीचं दुकान काढणार. आणि फलाटासमोर तो रुळाचा तुकडा उरलाय ना, तो उपटून तिथं फुलझाडं लावणार. लाव बाबा, मी कोण अडवणारा. बाकीचा सगळा मार्ग ठेकेदाराच्या माणसांनी उचलून नेला, तेवढाच तुकडा का ठेवला, हे मात्र ऐकून घे. ही गोष्ट मी कुठं ऐकलेली नाही. इथल्या शेवटच्या स्टेशनमास्तरांच्या, हाचिया मास्तरांच्या बाबतीत घडलेली आहे, आणि मास्तरांना तुम्ही सगळे ओळखत होतात. या एप्रिलमध्येच आपण त्यांना पोचवून आलो. त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, आणि शेवटचं जे आहे ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आधी खंदकाचं सांगतो. किल्ल्याचा खंदक आता तीनच बाजूंना आहे ना? चौथी बाजू कुठं गेली? तुमच्या बुडाखाली आहे. सरदारांच्या काळी पितरांच्या सणाच्या, ओबोनच्या शेवटच्या रात्री सगळा गाव खंदकात दिवे सोडायचा. ते दिवे पाणदरवाज्यातून नदीला लागायचे, आणि त्यांच्यामागून आपली गेलेली माणसं आली तशी परत जायची. मग रेल्वे आली. गावाला स्टेशन किल्ल्याजवळच हवं होतं, मिरवायला. पश्चिमेचा खंदक बुजवला, वर रूळ टाकले, फलाट बांधला. त्या ऑगस्टमध्ये लोकांनी नेहमीसारखे दिवे सोडले. पण जायला वाटच नव्हती. रात्रभर ते दिवे गोल गोल फिरत राहिले, आणि सकाळी सगळेच्या सगळे या फलाटाच्या भिंतीला येऊन चिकटले होते. माझ्या आजोबांनी बघितलं होतं ते.

तेव्हाचा स्टेशनमास्तर शहाणा माणूस. तो म्हणाला, यांची वाट आम्ही बुजवली, आता यांना आम्हीच पोचवू. पुढच्या वर्षापासून रीत पडली. ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलेलं असेल, त्या घरच्यांनी सोळा तारखेच्या संध्याकाळी इथं यायचं. मास्तर एक जाड पुठ्ठ्याचं तिकीट द्यायचा, फक्त जाण्याचं. फाटकाशी ते पंचानं टोचायचा, म्हणायचा, ‘सांभाळून जा.’ घरच्यांनी तिकीट तिथल्या पेटीत टाकायचं आणि मागे न बघता घरी जायचं. मग शेवटची गाडी गेली, की मास्तर रिकाम्या फलाटावर उभा राहायचा, बोगद्याकडे बोट करायचा, मोठ्यानं म्हणायचा, ‘पुढचा मार्ग मोकळा.’ आणि हिरवा कंदील दाखवायचा. गाडी नसायचीच. तरी दाखवायचा. हसायचं कारण नाही, मिनोरी. तुझ्या आजोबांचं तिकीट मी तुझ्या आईच्या हातात बघितलंय.

आता हाचिया मास्तर. स्टेशनावर माणसं ठेवायची बंद झाली, मास्तर निवृत्त झाले, तरी हे काम त्यांच्याकडेच राहिलं. मी रुळांवरचा गँगमन, ते फलाटावरचे, आमचा सगळा जन्म एकमेकांना शिव्या घालण्यात गेला. आणि त्यांच्या घरी बायको, फुसाए-सान. मास्तर सकाळी सायकलवर निघाले की त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. म्हणायच्या, ‘जाऊन या.’ आणि मास्तर तोफूवाल्याच्या कोपऱ्यावर वळून दिसेनासे होईपर्यंत हात वर करून तशाच उभ्या. पाऊस असो, बर्फ असो. आम्ही चिडवायचो, ‘मास्तर, लढाईला निघालात का हो?’ मास्तर लाल व्हायचे.

त्या वर्षी चेरीचा बहर गळून गेला आणि फुसाए-सान एका रात्रीत गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या, संपलं. मास्तरांना निरोपाचा एक शब्दही बोलता आला नाही. पोटी मूलबाळ नाही. माणूस पार खचला.

मग आला सोळा ऑगस्ट. मंगळवार होता. मास्तर तोफूवाल्याच्या शेजारून डासांची अगरबत्ती घेऊन सायकलवरून इथं आले. लोक आले. मास्तरांनी एकेकाचं तिकीट टोचलं, ‘सांभाळून जा, सांभाळून जा.’ सगळे गेले. एकच तिकीट राहिलं. ते त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं.

त्यांनी ते काढलं, पंचाच्या तोंडात धरलं, आणि त्यांच्या मनात आलं, की नाही टोचलं तर? बिनटोचल्या तिकिटावर या फाटकातून आजवर कुणी गेलेलं नाही. मग ती तरी कशी जाईल? आपल्याजवळच राहील की. कुणाला काय कळणार आहे?

तिकीट परत खिशात गेलं. शेवटची गाडी गेल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे कंदील दाखवला आणि घरी आले. दोन पेल्यांत चहा ओतला. एक समोर ठेवला. रात्रभर वाट बघितली. घरात काही नाही. पावलाचा आवाज नाही, हाक नाही. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी रात्री ते शेवटची गाडी बघायला आले. जुनी सवय. गाडीतून कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. गाडी बोगद्यात गेली. मास्तर परत फिरणार, तेवढ्यात त्यांना फलाटाच्या टोकाशी कुणीतरी उभं दिसलं. पाठमोरं. गडद निळा किमोनो. तो किमोनो मास्तरांनीच निवडून दिला होता, शवपेटीत ठेवताना.

‘फुसाए?’



जवळ गेले. खंदकाच्या तळाच्या चिखलाचा वास आला. इथं चिखल कुठला? माझ्या आजोबांच्या काळात बुजवलाय तो. फुसाए-सान बोगद्याकडे तोंड करून उभ्या होत्या. गाडीची वाट बघणारं माणूस जसं उभं राहतं ना, तसं. मास्तर बोलत राहिले, हाका मारत राहिले. मान हलली नाही.

आता बघा. बाईला अडवली खरी, पण ती घरी आलीच नाही. ती फलाटावर अडकली. गेलेल्यांची गाडी वर्षातून एकदाच, आणि तिची चुकलेली.

मग मास्तर रोज यायला लागले. थंडी पडली तरी रोज. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी एकदा आडवा गेलो. म्हटलं, ‘मास्तर, न्यूमोनिया होऊन मराल. मग तुम्हाला पोचवायला कोण?’ तर म्हणाले, ‘कुवाजिमा, तू तुझे रूळ बघ.’ मी नाद सोडला. पण त्याच हिवाळ्यात बर्फ साफ करायला आलो होतो, तेव्हा एक गोष्ट बघितली. सगळ्या फलाटावर गुडघाभर बर्फ. आणि टोकाशी दोन पावलांएवढी जागा कोरडी. काळी. नव्या बर्फातही तशीच. मास्तर तिथं छत्री धरून उभे होते. छत्री स्वतःच्या डोक्यावर नव्हती.  मी फावडं घेऊन दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.

जानेवारीत स्टेशनात कागद लागला. मार्चअखेर मार्ग बंद. प्रवासीच नाहीत तर गाडी कुणासाठी?

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. तुम्ही तेव्हा शाळेत होता, तुम्हाला गंमत वाटली असेल. पण विचार करा. गाडी बंद, रूळ उचलणार, मग ऑगस्टमध्ये कशातून जायचं तिनं? आता काही महिने नाही, कायमचं उभं राहायचं तिथं. पाठमोरं. आणि ते कुणामुळं? ज्याच्यासाठी ती जन्मभर गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, त्याच्यामुळं.

त्याच रात्री ते तिकीट आणि पंच घेऊन आले. तारीख बिरीख गेली खड्ड्यात. शेवटची गाडी गेली. त्या होत्याच. मास्तर म्हणाले, ‘फुसाए, चुकलं माझं. वळ इकडे. तिकीट घे.’

काही नाही.

‘वळ ना गं.’

आणि... ती वळायला लागली.

हळू. फार हळू. आधी खांदा. मग गळपट्टी. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू वर असते. मेलेल्याची उजवी, आपणच तशी नेसवतो. ती उजवी बाजू दिसली. मग हनुवटी...

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

मला हे सांगताना रडले रे ते. म्हणाले, ‘कुवाजिमा, तिचा चेहरा बघायला मी जीव टाकत होतो. आणि तिनं दाखवायचं म्हटलं तर मी भ्यालो. माझ्या बायकोला भ्यालो.’

डोळे उघडले तेव्हा ती परत पाठमोरी होती. मास्तर घरी पळाले. सायकल इथंच राहिली.

मार्चमध्ये शेवटची गाडी गेली. बँड वाजला, फुगे सोडले, बाहेरगावचे लोक फोटो काढायला आले. जन्मात कधी चढले नाहीत ते डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी वीज तोडली. पुढं रुळांवर गंज चढला. तुम्हाला माहीत नसेल, रोज गाडी जाते तेव्हा रुळाचं डोकं आरशासारखं असतं. गाडी थांबली की पहिल्या पावसात लाल होतं. जूनपर्यंत सगळं लाल झालं, मधून हातभर गवत आलं. वरच्या गावाकडून रूळ उचलायला सुरुवातही झाली होती.

तेरा ऑगस्टला मास्तरांनी दारात बोलावणीची आग पेटवली. काकडीचा घोडा केला, लवकर यावं म्हणून. वांग्याची गाय केली, सावकाश जावं म्हणून. शेजारच्या घरात त्यांचे पितर आले. तसं कळतंच आपल्याला, घर भरल्यासारखं होतं. मास्तरांचं घर रिकामंच राहिलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जी गेलीच नाही, ती परत कशी येईल?

सोळा तारखेला, बुधवारी, संध्याकाळी ते माझ्याकडे आले. अंगावर जुना गणवेश. इस्त्री केलेला. टोपी, पांढरे हातमोजे. म्हणाले, ‘मी स्टेशनात जातोय. सकाळी आलो नाही तर बघायला ये.’

म्हटलं, ‘मी येऊ का बरोबर?’

‘नको. माझ्या घरचं तिकीट आहे.’

आता हे पुढचं त्यांनी सांगितलेलं. जसं सांगितलं तसं सांगतो.

त्या वर्षी गावानं सगळं देवळात उरकलं होतं. इथं कुणी आलं नाही. दिवा नाही. चंद्रही नाही. फक्त त्यांच्या हातातला हा कंदील. ते फाटकाशी उभे राहिले, हे आपल्या मागचं फाटक आहे ना, तिथं. आणि फलाटाकडे न बघता म्हणाले, ‘तिकीट तपासणी सुरू.’



रातकिडे ओरडत होते. ते थांबले.

मग चिखलाचा वास. मग पावलं. ओल्या चपलांची. फलाटाच्या टोकाकडून... इकडे.

मास्तरांनी मान खाली घातली. भीतीनं नाही, म्हणाले. तपासनीस माणूस चेहरे बघतच नाही. तो हात बघतो. सगळी हयात त्यांनी हातच बघितले होते.

पावलं थांबली. समोर.

मास्तरांनी खिशातलं तिकीट काढून पुढं धरलं. कुणीतरी ते घेतलं... आणि टोचायला परत पुढं केलं.

त्यांनी बघितलं. हात होता. पांढरा. ओला. बोटाच्या पेरावर शिवणाची अंगठी अडकवून अडकवून पडलेला घट्टा होता. अंगठ्यापाशी तेलानं भाजल्याचा जुना डाग होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी भजी तळताना पडलेला. तिचाच हात. दुसऱ्या कुणाचा असणार?

पंच दाबला. खट्.

‘सांभाळून जा’ म्हणायचं असतं.  तो हात तसाच पुढं. थांबलेला. वाट बघत.

मग मास्तर म्हणाले, ‘जाऊन ये.’

हात मागे गेला.

मास्तर फलाटावर आले. बोगद्याकडे बोट केलं. ‘पुढचा मार्ग मोकळा.’ आवाज फाटला, पण म्हणाले. हिरवा कंदील उचलला. समोर गवत. गंजलेले रूळ. काळोख.

काही नाही.

काही नाही...

मग पायाखालचा फलाट थरथरला. वरच्या गावाकडून नाही. बोगद्याकडून नाही. खालून. पाण्यात काहीतरी मोठं वळावं तसं. फलाटाच्या मधोमध. गार वारा आला, गवत आडवं झालं. आणि मग तो एक लाल दिवा, मागच्या डब्याला असतो तो, त्यांच्यासमोरून दूर जायला लागला. आवाज नाही. डबा दिसला नाही. फक्त दिवा.

मास्तरांनी कंदील खाली ठेवला आणि हात वर केला. दिवा वळण घेऊन बोगद्यात दिसेनासा होईपर्यंत ते हात वर करून उभे होते.

सकाळी मी आलो. झोप कसली लागते. उजाडलं होतं, पण किल्ल्याची टेकडी मध्ये असल्यामुळं इथं ऊन पोचायला उशीर लागतो, माहीत आहे तुम्हाला. मास्तर या बाकावर टोपी मांडीवर घेऊन झोपले होते, लहान पोरासारखे. मी त्यांना उठवलं नाही. रुळांकडे बघितलं.

वरच्या गावाकडचा रूळ लाल. फलाटासमोरचा अर्धा, लाल. आणि मग मधोमध, जिथं जुना खंदक सगळ्यात खोल होता म्हणतात, तिथून पुढं बोगद्यापर्यंत... चकचकीत. दोन्ही रूळ. तोंड दिसावं इतके. गवत दोन्ही बाजूंना झोपलेलं. इकडून गाडी आल्याची खूण नाही, फक्त गेल्याची. मी खाली उतरून रुळावर तळहात ठेवला. ऊन अजून पडलं नव्हतं. रूळ कोमट होता.

पुढं ठेकेदाराची माणसं आली तेव्हा मी म्हटलं, एवढा तुकडा राहू द्या. त्यांच्या मुकादमानं रुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माणसांना पुढं नेलं. आठवड्याभरात तो तुकडाही बाकीच्यांसारखा गंजला. आजही गंजलेलाच आहे. संध्याकाळी कंदील घेऊन आलो तेव्हा मी हात लावून बघितलाय. हा बघा, बोटांना अजून लाल लागलंय.

झालं. चहा घ्या.

काय रे ताकुतो, हसतोस काय? म्हाताऱ्याच्या थापा वाटतात? मग टॉर्च आहे ना तुझ्याकडे, जा. पंधरा पावलांवर रूळ आहे. हात लावून ये आणि उपटायचा की नाही ते ठरव. जा, जा. मिनोरी, तू बस इथंच.

...

...अरे, एवढ्यात आलास?

काय झालं? बोल की.

...

बरं, नको बोलूस. इकडे ये, कंदिलापाशी. हात दाखव. असा, तळहात वर कर.

...

गंज कुठंय?

मिनोरी, त्याला चहा दे. गरम दे. बस रे, बस. घाबरायचं काही नाही. मास्तरांचं हे पहिलं ओबोन. माणूस एकटा, घरचं कुणी नाही, म्हणून तुम्ही यायच्या आधी त्यांचं तिकीट मीच टोचलं. या पंचानं. पेटीत टाकलं, कंदील दाखवला आणि गुडघे दुखतात म्हणून बसलो. मला वाटलं होतं, गाडीला जरा उशीर होईल.

दार नीट लावून घ्या. चला, घरी जाऊ.